परिच्छेद क्रमांक चार

शाळा वाचवावी असा अर्जदारांचा मुळीच विचार नव्हता. त्यांना फक्त नोटिशीतलं शुद्धलेखन दुरुस्त करायचं होतं.

नोटीस प्राथमिक शाळेच्या फाटकावर डकवलेली होती आणि सहा ओळींत तिच्यात अकरा चुका होत्या. 'विलीनीकरण' हा शब्द दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने चुकला होता. पाणीपुरवठा कार्यालयात तेहतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे बघवणं शक्यच नव्हतं. सेवेत असताना लोकांचे अर्ज तपासण्यात आणि निवृत्तीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. म्हणून तर सगळी सोसायटी त्यांना 'अर्जदार' म्हणायची. तोंडावर 'अर्जदारसाहेब', एवढाच फरक. खिशात लाल पेन होतंच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

सातव्या चुकीवर असताना मागून आवाज आला, "भाऊ, तुम्ही तरी आलात!"

मुख्याध्यापिका बाई होत्या. मुख्याध्यापिका म्हणजे शाळेतल्या एकुलत्या एक शिक्षिका. पहिली ते चौथी एकाच खोलीत शिकवायच्या, घंटाही त्याच द्यायच्या आणि कुलूपही त्याच लावायच्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तीन दिवस झाले नोटीस लागून. एकही माणूस थांबून वाचत नाही. तुम्ही तर मुद्दे काढताय!"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण समोर बाई रडताहेत आणि आपण वेलांटी तपासत होतो असं म्हणायचं, हे कुठल्याही सभ्य माणसाला जमणार नाही. शिवाय निवृत्त झाल्यापासून आपल्याकडे इतक्या आशेने कोणी पाहिलं नव्हतं, हेही अर्जदारांच्या मनाने टिपून ठेवलं. ते घसा खाकरून म्हणाले, "हरकतीला तीस दिवस आहेत. बघू या."

अशा रीतीने शाळा बचाव समिती स्थापन झाली.

प्रश्न तसा सोपा होता. शाळेचा पट एकोणीस. वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद करायची, असा नियम. वर्ष संपलं की ही एकोणीस मुलं तीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जाणार होती आणि त्या शाळेच्या वाटेत ट्रकांचा चौपदरी रस्ता आडवा पडला होता.

पहिली सभा शाळेतच झाली. चौदा मोठी माणसं पहिलीच्या बाकांवर बसली, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागले आणि सभेला आपोआपच एक गंभीर वळण आलं. तळमजल्यावरचे वकील आले होते. त्यांना कोर्टात जाताना कोणी पाहिलं नव्हतं, पण सल्ला द्यायला कोर्ट थोडंच लागतं? ते म्हणाले, आधी वरून दबाव आणायला हवा. कोणाच्या वरून, ते त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, शाळेभोवती मानवी साखळी करू या. त्यांच्या बहिणीच्या गावी साखळी करून एक झाड वाचवलं होतं. झाड पुढच्या वर्षी वाळलं, पण तो मुद्दा वेगळा. कोणी घोषणा सुचवल्या, कोणी टोप्या. टोप्यांच्या रंगावर चाळीस मिनिटं गेली.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर बाई उठल्या. "मला टोप्या नकोत," त्या म्हणाल्या. "मला एक मूल हवंय. एकच. पट वीस झाला तर नियमाने शाळेला हात लावता येत नाही."

समितीतल्या झाडून सगळ्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलं होती आणि ती सगळी रोज सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून याच फाटकावरून दूरच्या भारी शाळेत जायची. वकिलांनी घड्याळ पाहिलं. "माझी धाकटी फार हळवी आहे हो," ते म्हणाले. "तिला बदल सोसत नाही." काकूंच्या नातवाचं पोहणं त्या शाळेत होतं. आणखी एकाने तर बाईंनाच विचारलं, "पण शाळा बंद होणार असेल तर मूल घालायचं कसं?" यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलं नाहीत म्हणून शाळा बंद होणार आणि शाळा बंद होणार म्हणून मुलं नाहीत. एवढं बिनतोड तर्कशास्त्र त्या खोलीत याआधी कधी शिकवलं गेलं नसेल.

अर्जदारांनी सगळ्यांकडे तुच्छतेने पाहिलं आणि ते घरी आले. घरी त्यांची स्वतःची नात होती. दुसरीत. पिवळ्या बसची.

जेवताना त्यांनी मुलापुढे विषय काढला. मुलगा सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, शाळा वाचलीच पाहिजे. तुम्ही जोरदार अर्ज करा. सही मी पहिली करतो."

"सही नकोय रे. पिल्लूला घालू या तिथे."

सून पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "उगाच प्रयोग कशाला?"

अर्जदारांच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हे चिडतील, ताटावरून उठतील. ते उठले नाहीत. भांडण केलं असतं तर जिंकण्याची शक्यता होती, आणि जिंकले असते तर नात खरोखरच त्या गळक्या खोलीत बसली असती. हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मुकाट्याने दुसरी पोळी मागून मोकळे झाले. समितीत ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुप्पट जोमाने अर्ज लिहायला बसले.

तो अर्ज म्हणजे त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम मसुदा होता, याबद्दल दुमत नको. पाच पानं, नऊ परिच्छेद. पहिल्या तीनमध्ये नियम, आकडे, अंतर. वकिलांनी वाचून मान हलवली. "कोरडं आहे, अर्जदारसाहेब. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घातला पाहिजे." कोरडं! हा शब्द अर्जदारांना फार लागला. त्यांनी रात्रीचं जेवण लवकर उरकलं आणि परिच्छेद क्रमांक चार लिहिला: "छताच्या सळया उघड्या पडल्या असून स्लॅबचे तुकडे वेळोवेळी वर्गात पडतात; भिंतीस हात लावता प्लास्टर सुटते; अशा कोणत्याही क्षणी कोसळू शकणाऱ्या छताखाली ही कोवळी बालके अविचल निष्ठेने ज्ञानसाधना करीत आहेत." लिहिल्यावर त्यांनी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. 'अविचल' हा शब्द आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दोन ओळींत नाही का होत?" बायको म्हणाली. तिला साहित्यातलं काही कळत नव्हतं.

बाईंनी मात्र तो परिच्छेद दोनदा वाचला. "भाऊ, छताचं लिहायलाच हवं का?"

"बाई, कार्यालयीन भाषेत याला वस्तुस्थिती म्हणतात."

"वस्तुस्थिती आहे म्हणूनच विचारते."

"काळजी करू नका. वाचणारा हेलावला पाहिजे."

बाई आणखी काही बोलणार होत्या. पण या माणसाशिवाय त्यांच्या बाजूने दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी कागद परत दिला.

मग सह्या. दोनशे बारा झाल्या. शिक्षण कार्यालयाच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने पहिल्या फेरीत समास डावीकडे कमी सोडला म्हणून अर्ज परत केला. दुसऱ्या फेरीत सह्यांपुढे पत्ते नाहीत म्हणून. अर्जदार मनातून खूश झाले. कामाला चोख माणूस दिसतो, असं त्यांनी घरी येऊन सांगितलंही. तिसऱ्या फेरीत कारकुनाने एका सहीवर बोट ठेवलं. "ही चालणार नाही."

ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची सही होती. तिची मुलगी तिसरीत होती. सगळा रस्ता तिला ठिणगी म्हणायचा, कारण ती एका जागी बसत नसे. या ठिणगीने बाईंकडून शिकलेली अक्षरं आईला शिकवली होती आणि आईने आयुष्यात पहिल्यांदा अंगठ्याऐवजी पेन धरलं होतं. एकेक अक्षर सुटं, मोठं, रेघेच्या बाहेर गेलेलं.

"ही सही नाही," कारकून म्हणाला. "हे नाव लिहिलंय. सहीला वळण लागतं. नाहीतर अंगठा घ्या आणि साक्षीदार आणा."

तेहतीस वर्षांत अर्जदारांनी हेच वाक्य निदान शंभर माणसांना ऐकवलं असेल. आज ते ऐकताना त्यांच्या कानशिलात जाळ झाला. "ती तिची सहीच आहे," ते म्हणाले. "याच शाळेतून आलीय. तुम्ही बंद करताय ना, त्याच." रांगेतली माणसं बघायला लागली. अर्जदारांचा आवाज चढला, मग चिरकला, मग त्यांना ठसका लागला आणि शेवटी कारकुनानेच त्यांना पाणी दिलं. सही कायम राहिली. अर्ज दाखल झाला. परत येताना बसमध्ये अर्जदारांना उगाच हलकं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी मानवी साखळी झाली. काकूंनी हिशेब केला होता की साठ माणसं पुरतील. आली एकतीस, त्यातली एकोणीस शाळेचीच मुलं. साखळी तीन बाजूंनी झाली आणि मागची भिंत उघडी राहिली. वकील म्हणाले, तिकडून कोणी बघत नाही. एवढ्यात काखेत वही आणि हातात काठी घेतलेला एक इसम आला. सगळ्यांना वाटलं, वर्तमानपत्रवाला. काकूंनी घोषणा दिली, मुलांनी साथ दिली, आणि शाळेवरचं प्रेम दिसावं म्हणून काकूंनी व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारली. खांबाचं प्लास्टर त्यांच्या मिठीत सुटून आलं. त्या पांढऱ्याफटक होऊन शिंकत असताना त्या इसमाने वही उघडली आणि अर्जदारांना विचारलं, "परिच्छेद चार तुम्हीच लिहिलाय ना? फार स्पष्ट लिहिलंय." तो इंजिनिअर होता. अर्जदार लाजून म्हणाले, "हो, जमेल तसा."

इंजिनिअरने काठीने छताला तीन ठिकाणी टोचलं आणि तो निघून गेला.

आदेश आठवड्याने फाटकावर लागला. वर्षअखेरपर्यंत थांबण्याचं कारण उरलेलं नव्हतं. "अर्जदाराने परिच्छेद क्रमांक चारमध्ये स्वतःच नमूद केल्यानुसार" असं म्हणून पुढे त्यांचा तो परिच्छेद सळयांपासून बालकांपर्यंत जसाच्या तसा उतरवला होता. 'कोवळी बालके' होती. 'ज्ञानसाधना' तेवढी गाळली होती. शाळा तात्काळ बंद. सोमवारपासून. अर्जदारांनी आदेश सवयीने चुकांसाठी वाचला. एकही सापडली नाही.

चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. पाचव्या दिवशी बायकोने त्यांच्या हातात चपला दिल्या. "बाई एकट्या सामान बांधताहेत," ती म्हणाली.

बाई स्टुलावर चढून भिंतीवरचे तक्ते उतरवत होत्या. अर्जदार दारातच उभे राहिले. वाटेत त्यांनी तीन वाक्यांचा माफीचा मसुदा तयार केला होता. त्यातलं एकही आठवेना.

"तो कोपरा धरा," बाई म्हणाल्या. त्यांनी धरला. तक्ता खाली आला.

"बाई, मी..."

"भाऊ, मी इथे बावीस वर्षं आहे. दर वर्षी अहवालात एक रकाना असतो, इमारतीची स्थिती. बावीस वर्षं मी त्यात 'समाधानकारक' लिहिलं." त्या स्टुलावरच बसल्या. "गळायचं तिथे बादली ठेवायची. तुकडा पडला की मधल्या सुट्टीत झाडून टाकायचा, कोणी बघायच्या आत. खरं लिहिलं तर शाळा बंद करतील, मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच."

"तुम्ही मला थांबवायचं होतंत."

"थांबवायला गेले होते. मग वाटलं, एखादा मोठा तुकडा एखाद्याच्या डोक्यात पडला असता तर?" त्यांनी तक्त्याची गुंडाळी करून दोरी बांधली. "तुम्ही चुकलात की मी, हे मला खरंच सांगता येत नाही. ती घंटा तेवढी काढून द्या."

बाईंची बदली दूर झाली होती. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आणि पुढच्याच महिन्यात, सलग पाच दिवस पाऊस लागला तेव्हा, एका दुपारी धाडकन आवाज झाला. वर्गाच्या मधल्या भागातला स्लॅब खाली आला. दोन बाक चेचले गेले. वार मंगळवार, वेळ पावणेदोन. शाळा चालू असती तर दुसरी आणि तिसरी तिथेच बसलेली असती.

समितीने ताबडतोब सभा बोलावली. या वेळी वकिलांच्या दिवाणखान्यात, मोठ्या माणसांच्या खुर्च्यांवर. वकील म्हणाले की अर्जदारसाहेबांच्या दूरदृष्टीमुळे एकोणीस जीव वाचले. काकूंना भरून आलं. समितीने आपलं कार्य यशस्वीपणे पार पाडलं असा ठराव मांडण्यात आला आणि अनुमोदन द्यायला सहा हात एकदम वर झाले. मग अर्जदारांनी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती झाली.

अर्जदार उभे राहिले. त्यांना दोन शब्द कधीच पुरले नव्हते, म्हणून सगळे जरा सावरून बसले.

"मी तो परिच्छेद शोभेसाठी लिहिला होता," ते म्हणाले. "वकील म्हणाले अर्ज कोरडा आहे, मला राग आला, म्हणून लिहिला. मुलांचा विचार त्यात नव्हता. बाईंना एक मूल हवं होतं. माझी नात दुसरीत आहे. मी घरात एकदा विचारलं आणि गप्प बसलो." कोणीतरी पंख्याचा वेग वाढवला. "त्या एकोणीस मुलांतली मोठ्या शाळेत किती जातात, कोणाला माहीत आहे?"

कोणालाच माहीत नव्हतं. अर्जदारांनाही नव्हतं. ठराव मंजूर होऊन सभा संपली. काकू जिन्यात म्हणाल्या, "वय झालं की माणूस असा हळवा होतो."

पुढचे तीन दिवस अर्जदार दारोदार फिरले. काही घरी बाप मोटरसायकलवर सोडायचा. दोन कुटुंबं वस्ती सोडून गेली होती. बाकी अकरा मुलं घरातच होती. ठिणगी इस्त्रीच्या टेबलाशी एका खोक्यावर उभी राहून रुमालांच्या घड्या घालत होती. एका जागी.

"नाव घातलंय काका मोठ्या शाळेत," इस्त्रीवाली म्हणाली. "पण तो रस्ता कोण ओलांडून देणार? मी गेले तर इथलं काम कोण करणार?"

"मी नेतो, दुपारी परतही आणतो."

तिने इस्त्री उभी केली. "रोज?"

"रोज."

"चार दिवस न्याल. मग तुमचं गुडघ्याचं दुखणं निघेल, पाऊस येईल, पाहुणे येतील. मग तिला मी काय सांगू?" तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमची नात बसने जाते. तुमच्यावर राग नाही माझा. पण खरं ते बोलते."

अर्जदार "उद्या सकाळी सव्वासहाला येतो" एवढंच म्हणाले आणि निघाले.

सव्वासहाला ठिणगी दारात उभी होती, दप्तर पोटाशी धरून. तिची आई बाहेर आली नाही. वाटेत आणखी तीन मुलं मिळाली. चौपदरी रस्त्याशी आल्यावर अर्जदारांनी हेडक्लार्कच्या रुबाबात हात वर केला. ट्रकवाल्यांना त्यांचा हुद्दा ठाऊक नसावा. एकही थांबला नाही. अकरा मिनिटं पाचहीजण कडेला उभे राहिले. धुरळा उडत होता, आणि दोन हातांत चार पोरं कशी धरायची हा हिशेब त्यांना सुटत नव्हता. शेवटी त्यांनी दोघांना धरलं, त्या दोघांनी उरलेल्या दोघांना धरलं. अर्ध्यावर आल्यावर ठिणगीचं बोट सुटलं. एक टँकर इतक्या जवळून गेला की तिच्या दप्तराचा पट्टा उडून तिच्या तोंडावर बसला. ती रडली नाही. पलीकडे पोचल्यावर अर्जदार मात्र फुटपाथवर बसले आणि चार पोरं त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"आजोबा, उशीर होतोय," ठिणगी म्हणाली.

मोठ्या शाळेत तिसरीच्या वर्गात बासष्ट मुलं होती. ठिणगीला मागे, जमिनीवर, दाराच्या फटीशी जागा मिळाली.

घरी पोचायला त्यांना नऊ वाजले. बायकोने चहा पुढे ठेवला. त्यांनी कप बाजूला सरकवला. मग टँकरचं सगळं सांगितलं. एकही शब्द सजवला नाही. त्यांनी इतकं साधं बोललेलं तिने चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"उद्या जाऊ नका," असं ती म्हणेल अशी त्यांना भीती होती, आणि खरं तर थोडी आशाही.

"तुमचे हात दोन," ती म्हणाली. "पोरं चार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले तेव्हा ती पदर खोचून, पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट घालून दाराशी उभी होती. बूट दोन नंबर मोठे होते. दोघांनी चार दारं घेतली, मग पाचवं, मग सहावं. सातव्या दारावर अर्जदारांनी कडी वाजवली. आत कोणीतरी कुजबुजलं. मूल जागं होतं, त्याचं खोकणं ऐकू आलं. ते पाच मिनिटं थांबले. दार उघडलं नाही.

"चला," बायको म्हणाली, "नाहीतर यांनाही उशीर होईल." आणि तिने ठिणगीचं मनगट घट्ट धरलं.